दोन दिवसांचा उशीर

मी पाठवलेलं पाकीट परत आलं तेव्हा ते जाताना होतं त्यापेक्षा जाड झालं होतं. दुपारची मोजणी संपली, शिपायाने गजांतून हात आत घातला आणि म्हणाला, "घ्या, लग्नाची पत्रिका आली तुमची." पाकिटावर वरच्या कोर्टाचा शिक्का होता. आत माझंच अपील होतं, सहा कागद, दोन्ही बाजूंनी मुंगीच्या अक्षरात भरलेले, आणि त्यांना टाचलेला एक छापील तक्ता. मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंना आहे. डावा समास सोडलेला नाही. ओळींत अंतर नाही. प्रती चार हव्यात, एकच आहे. अनुक्रमणिका नाही. प्रत्येक ओळीसमोर कुणीतरी लाल पेन्सिलने खूण केली होती, आणि खूण करणाऱ्याचा हात मोठा वळणदार होता, शाळेत त्याला नक्की शाबासकी मिळत असणार. इथपर्यंत मी म्हटलं, ठीक आहे, हा आपला अडाणीपणा. मग शेवटची ओळ वाचली. अपील मुदत संपल्यावर दोन दिवसांनी दाखल झालं आहे. कैदी तुरुंगाच्या कार्यालयात ज्या दिवशी अपील देतो तोच दाखल झाल्याचा दिवस धरतात, आणि कार्यालयाच्या वहीप्रमाणे तो शनिवार आहे. मुदत गुरुवारी संपली. पंधरा दिवसांत त्रुटी दूर कराव्यात आणि दोन्ही दिवसांच्या उशिराचा खुलासा द्यावा, नाहीतर अपील निकालात काढलं जाईल. मी भिंतीला टेकून बसलो. कारण अपील मी मंगळवारी दिलं होतं. मंगळवारी सकाळी, माझ्या या हातांनी.

खोलीत आम्ही चौघं, पण माझं बोलणं फक्त मास्तरांशी. ते खरेच शाळामास्तर होते, गणिताचे. इथे कशापायी आले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तक्ता नाकाशी धरून वाचला आणि लगेच गणित मांडलं. "सहा कागद दोन्ही बाजूंनी, म्हणजे बारा पानं. ओळींत अंतर सोडलं की चोवीस. चार प्रती, शहाण्णव. आपल्याला दर रविवारी कागद मिळतात चार. चोवीस आठवडे लागतील, लिफ्टवाल्या. मुदत दोन आठवड्यांची. गणित चुकीचं नाही, पण सुटत नाही." कार्बनचा कागद इथे चालत नाही, कधीकाळी कुणीतरी त्याच्यावर सुटकेचा खोटा हुकूम उतरवला होता म्हणे. टायपिंगचं तर नावच नको. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ज्याने हे नियम केले त्याला एकदा इथे आणून बसवा आणि चार कागदांत चार प्रती करून दाखव म्हणावं!" मास्तर म्हणाले, "अरे, माझ्यावर कशाला ओरडतोस? हेच लिही की. नीट शब्दांत लिही. कागद मिळत नाहीत, वकील नाही, हाताने लिहिलंय, नियम थोडे सैल करा. कोर्टात बसतात तीही माणसंच असतात." मी विचारलं, उशिराचं काय? ते म्हणाले, "उशीर झालाच नाही ना? मग माफी कसली मागतोस? झाला नाही एवढं लिही."

वकील नाही हे माझंच करणं. खालच्या कोर्टात सरकारने दिलेला एक होता, तरुण, कायम घाईत, लिफ्ट वर जाताना तिचं वजन खाली येतं का असं मला दोनदा विचारणारा. शेवटच्या दिवशी सरकारी वकिलाने ती वही वर करून दाखवली तेव्हा हा माझा माणूस माझ्याकडे वळला आणि भर कोर्टात म्हणाला, "अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही?" मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने माझे कान जे तापले ते अजून निवलेले नाहीत. मीच ठरवलं, यापुढे माझं मी बोलेन. वहीत काय होतं ते सांगतो. आमच्या धंद्यात प्रत्येक इमारतीत एक तपासणीची वही असते. आठवड्यातून एकदा जायचं, लिफ्ट तपासायची, तारखेपुढे सही करायची. आता ही वही इमारतीच्या सेक्रेटरीच्या कपाटात, कपाटाला किल्ली, किल्ली सेक्रेटरीच्या खिशात आणि सेक्रेटरी स्वतःच्या नोकरीवर. महिन्यातून एकदा तो घरी सापडायचा. मग त्या दिवशी चारही आठवड्यांच्या सह्या एकदम करून टाकायच्या. मी करायचो, मला शिकवणारा मिस्त्री करायचा, शहरातले सगळे करतात. मी तीन तारखेला बसून तीन, दहा, सतरा आणि चोवीस अशा चार सह्या ठोकल्या, सेक्रेटरीने मला चहा पाजला. एकवीस तारखेला चौथ्या मजल्यावर एका नर्सने कामाला निघताना लिफ्टचं दार उघडलं. लिफ्ट तिथे नव्हती. दार उघडायलाच नको होतं, पण ते उघडलं. आणि वहीत माझी सही, की चोवीस तारखेला मी लिफ्ट तपासली आणि ती उत्तम आहे. न आलेल्या दिवसाची सही. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. हे झाल्यावर, सतरा तारखेला मी खरोखर गेलो होतो हे कोण ऐकून घेणार?

गेलो होतो. एवढं पक्कं आहे, कारण चौकीदाराने मला पाहिलं होतं आणि त्याने तसं सांगितलंही. पण जाऊन काय केलं? दाराच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा एक लोखंडी खटका असतो. लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय दार उघडू न देणं एवढंच त्याचं काम. तो झिजला की दार कुणीही ओढावं आणि उघडावं. चौथ्या मजल्याचा खटका झिजत आलाय हे मला दहा तारखेला कळलं होतं, आणि सतराला मी तो बदलला. असं मी म्हणतो. डोळे मिटले की मला दिसतंही: लिफ्टच्या डोक्यावर उभा आहे, तोंडात बॅटरी धरलेली, तिच्या धातूची आंबट चव जिभेवर, स्क्रू फिरवताना मनगटावरून ओघळणारं काळं ग्रीस, आणि खालून कुणीतरी विचारतंय की अजून किती वेळ. जुना खटका मी अवजारांच्या पिशवीत टाकला, तो पान्यावर आपटल्याचा आवाजसुद्धा मी ऐकतो. पण अशा किती इमारती! आठवड्याला बावीस. लिफ्टच्या सगळ्या पोकळ्या सारख्याच काळ्या, सगळीकडे तोच वास, सगळीकडे खालून तोच प्रश्न. मला आठवतंय ते त्या इमारतीतलं की पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यातलं? दवाखान्यात मी पंधरा का सोळा तारखेला असाच खटका बदलला होता, तिथल्या नोंदीत आहे ते. म्हणजे खटके दोन झाले. पिशवीत दोन असतील तर मी दोन्हीकडे बदलला, आणि विसाला कुणीतरी कपाट चढवताना दार ताणून धरलं आणि नवा खटका वाकला. चौकीदार कपाटाचंही बोलला होता. एकच असेल तर मी त्या बाईचा खटका उद्यावर टाकला, आणि त्या दिवसाची सही तर आधीच केलेली होती. दारावरचा खटका त्या दिवशीच्या धावपळीत तुटून हरवला, त्यामुळे राहिली ती पिशवीच. पिशवी पोलिसांनी पहिल्याच दिवशी जप्त केली. पंचनाम्यात तिच्याविषयी एवढंच आहे: अवजारं आणि किरकोळ सुटे भाग. ते किरकोळ सुटे भाग आजवर कुणी मोजलेले नाहीत.

अपिलात माझी मागणी तेवढीच आहे. पिशवी उघडा. सहा कागदांत मी दुसरं काही फारसं लिहिलेलंच नाही. मास्तरांनी मला सांगितलं होतं की अपिलाची वाट बंद झाली की जप्त केलेल्या वस्तू नष्ट करतात, कोठीत जागा लागते ना. तेव्हापासून मला झोपेत, जागेपणी, जेवताना ती पिशवी दिसते, खाकी, एक बंद तुटलेला, कुठल्यातरी फळीवर पडलेली. लोकांना वाटतं मी सुटायला धडपडतोय. सुटायचं कुणाला नसतं? सात वर्षं काही थोडी नाहीत. पण त्या बाईचा नवरा रोज कोर्टात यायचा, एकाच रंगाचे दोन शर्ट असावेत त्याच्याकडे, पुढच्या बाकावर बसायचा आणि माझ्या हातांकडे बघायचा. तोंडाकडे कधीच नाही, हातांकडे. मीही मग हातांकडे बघायला लागलो. तुम्हीच सांगा रे काय केलंत ते, असं त्यांना विचारायची वेळ आली माझ्यावर.

पाकीट आल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई भेटायला आली. माझी थोरली बहीण, बस बदलत तीन तासांनी पोहोचते आणि जाळीपलीकडे वीस मिनिटं बसते. जाळी इतकी बारीक की माणूस समोर असून ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. बायको हल्ली येत नाही. तिला दोष देत नाही मी, ती तिच्या भावाकडे आहे एवढं ताई सांगते आणि विषय बदलते. त्या दिवशी ताईने विषय बदलला नाही. म्हणाली, "अरे, एक विचारू? रागवू नकोस. तू तो खटका बदलला होतास ना? मला कोर्टाचं नको सांगूस, मला सांग." मी म्हटलं, "हो ताई, बदलला होता." ती म्हणाली, "झालं तर मग," आणि पदराने नाक पुसून शेजारणीच्या गुडघ्याचं काहीतरी सांगायला लागली. मी मान हलवत होतो. मला माझीच शिसारी आली. माझ्यावर उपकार करायला आलेल्या बाईला मी पुन्हा एकदा न बघता सही करून दिली होती. घंटा झाली तेव्हा तिने जाळीवर तळवा टेकवला, मी टेकवला, आणि लोखंड तेवढं गार लागलं.

अर्ज लिहायला घेतला तेव्हा माझ्याजवळ कागद होते सात: माझे चार, मास्तरांनी दिलेले तीन. "मला कुणाला लिहायचंय?" असं म्हणून त्यांनी ते माझ्या उशाशी ठेवले. चार बोटं समास सोडला, बोटांनीच मोजून. पहिल्या पानावर कागदांचं, प्रतींचं, समासाचं लिहिलं, हात जोडून लिहिलं. दुसऱ्या पानावर मंगळवार आला आणि मी अडलो. मी म्हणणार मंगळवारी दिलं, वही म्हणणार शनिवारी दिलं. माणूस आणि वही समोरासमोर आले की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मग मला सुचलं. तुरुंगाच्या कार्यालयात जो कारकून आहे त्याला सगळे कैदी शनिवारकाका म्हणतात. उगीच नाही म्हणत. आठवडाभर आमच्याकडून आलेले अर्ज, पत्रं, विनंत्या तो एका ट्रेमध्ये टाकत जातो आणि शनिवारी दुपारी, साहेब लवकर घरी गेले की, चहा मागवून सगळ्यांच्या नोंदी एकदम करतो. सगळ्यांवर तारीख शनिवारची. म्हणजे त्या वहीत वर्षानुवर्षं शनिवारशिवाय वारच नसणार! शेकडो कैदी, आणि सगळ्यांनी आपापले अर्ज शनिवारीच दिले, हे कोण मानेल? वहीच वहीला खोटं पाडते. मी मास्तरांना उठवून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, म्हणाले, "सुटलं रे गणित." त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.

पण काकाला न सांगता हे लिहायचं माझ्या जिवावर आलं. बरा माणूस. माझं अपील घेताना त्यानेच टाचणी दिली होती, ती इथे कुणाला मिळत नाही. रिटायर व्हायला त्याला तीन महिने उरलेत. मी कार्यालयात गेलो, टेबलाच्या अलीकडे उभा राहिलो आणि तो परिच्छेद त्याला वाचून दाखवला: वही दर शनिवारी एकदम भरली जाते, माननीय कोर्टाने ती मागवून पाहावी. तो ऐकत होता आणि शिक्क्याची शाई बोटाला लागली होती ती पुसत होता. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "वीस वर्षं असंच करतोय हो. कुणाचं काही अडलं नाही कधी."

"माझं अडलं, काका."

"दिसतंय ना. मंगळवारीच दिलं होतंत, मला आठवतंय चांगलं. पाऊस नव्हता, तरी तुमचे केस ओले होते, आंघोळीहून आला होतात." त्याने डोळ्यांची उघडझाप केली, बहुतेक भरून आले होते. "खोटं काही लिहिलेलं नाही तुम्ही. राहू द्या. वहीच्या पानाची नक्कल जोडतो मी, साहेबांची सही घेऊन. तुमचं काम मी अडवणार नाही."

मी बाहेर पडलो तेव्हा माझे पाय हलके झाले होते. त्याच्या जागी मी असतो तर? माझ्याकडे कुणी येऊन म्हटलं असतं, की तुमच्या सह्या महिन्याच्या सुरुवातीलाच होतात असं मी कोर्टाला कळवतोय, तर मी त्याला टाचणी दिली असती का? मी त्याला हाकलला असता. जगात अशी माणसं आहेत आणि त्यांना आपण शनिवारकाका म्हणून हिणवतो, असं काहीबाही मी मास्तरांना सांगत सुटलो. मास्तर म्हणाले, "अर्ज कधी दिलास?" म्हटलं, "आज. सोमवार." ते म्हणाले, "म्हणजे शनिवारी जाईल. अजून मुदतीत आहे. पुरे झालं, झोप."

बुधवारी काकाने मला बोलावलं. दारातच त्याचा चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं सुटकेची बातमी आली. "या, या. बसा," म्हणाला. आजवर मला त्या खोलीत कुणी बसा म्हटलेलं नाही. त्याने वही माझ्याकडे फिरवली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. "हे बघा. वाचा." मी वाचलं. माझ्या नोंदीसमोर मंगळवारची तारीख होती. आधीचा आकडा खरवडून काढला होता, ब्लेडने असणार, कागद तिथे पातळ होऊन पलीकडची रेघ दिसत होती, आणि वर नव्या निळ्या शाईत नवा आकडा. बाकीची शाई काळी. मी वर बघितलं, खाली बघितलं. माझ्या वरच्या नोंदीला सोमवार होता. खालच्या दोन नोंदींना बुधवार. त्याखाली गुरुवार, शुक्रवार, मग कुठे एखादा शनिवार. शनिवार सोडले तर सगळे खरवडलेले, सगळे निळे.

"एकटाच मंगळवार बरा दिसला नसता," काका म्हणाला. "म्हणून बाकीचेही ज्याचे जसे आठवले तसे लावून घेतले. मागची तीन पानं केली. दोन दिवस लागले बघा. आता कुणी म्हणूच शकणार नाही की तुम्ही शनिवारी दिलं."

वहीत आता एकही वार असा नव्हता ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवावा. आणि माझ्या अर्जात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, वही मागवा, तिच्यात शनिवारशिवाय काही सापडणार नाही. मी काकाच्या तोंडाकडे बघितलं. तिथे माया होती, खरीखुरी, आणि तिच्या आड तीन महिने नीट पार पडावेत अशी एक केविलवाणी भीतीही होती, आणि त्यातलं कुठलं किती ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ओरडावंसं वाटलं. ओरडू कुणावर? मग मनात आलं, आज बुधवारच आहे. अजून शनिवार यायचाय. पाकीट ट्रेमध्येच असणार. तो परिच्छेद काढून टाकू, माझ्याजवळ दोन कागद शिल्लक आहेत, उशीर माझाच झाला असं लिहू, पाया पडू, पण ही पानं कोर्टासमोर जाऊ देऊ नये. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "काका, माझं पाकीट जरा द्याल? एक कागद बदलायचाय."

"पाकीट?" तो हसला. "अहो, ते गेलंसुद्धा. शनिवारपर्यंत कशाला ठेवू? एकदा तुमचं नुकसान झालं माझ्यामुळे. नक्कल जोडली, साहेबांची सही घेतली आणि सकाळच्या टपालात टाकलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं काम असं हातोहात केलं मी."

मी बसून राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी बादल्या घासत होतं. कुठल्यातरी कोठीतल्या फळीवरून आता ती पिशवी उचलतील आणि न उघडता फेकून देतील, आणि आत एक खटका होता की दोन हे कुणाला कळणार नाही. ती बाई माझ्या हातून मेली की नाही हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

"बरोबर केलं ना मी?" काकाने विचारलं. तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला होता.

"बरोबर केलंत," मी म्हणालो. "फार उपकार झाले."